तात्या ऐकतात

पुणतांब्यात कोण काय करतं, हे सांगणं सोपं आहे. कुणी ऊस करतं, कुणी कांदा करतं, कुणी दुकान चालवतं, कुणी राजकारण. उरलेले लोक पारावर बसून हे सगळे आपापलं काम कसं चुकीचं करताहेत ते सांगतात. तात्या यांतलं काहीच करत नाहीत. तात्या ऐकतात. "सध्या काय चाललंय?" असं कुणी विचारलं, की ते "ऐकतोय" म्हणतात. विचारणाऱ्याला वाटतं, आपलंच ऐकताहेत. तो बिचारा मुलीच्या स्थळाची सगळी हकिकत सांगून मोकळा होतो. तात्यांचे कान मात्र शेजारच्या गिरणीवर लागलेल्या रेडिओकडे असतात. माणसांचं ऐकण्याबद्दल त्यांची ख्याती नाही. खात्री करायची असेल तर काकूंना विचारा.

आमच्या गावाचं आणि ऐकण्याचं तसं जुनं भांडण आहे. आपलं कुणी ऐकून घेत नाही म्हणून 1 जून 2017 ला इथल्याच शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो राज्यभर पसरला. टीव्हीवाल्यांच्या गाड्या गावात उभ्या राहिल्या. तेव्हा एका वार्ताहराने तात्यांपुढेही माइक धरला. तात्यांनी माइककडे बघितलं, मागच्या जनरेटरकडे बघितलं आणि म्हणाले, "ते आधी बंद करा. याच्यात तुम्हाला काय ऐकू येणार?" ती मुलाखत दाखवली गेली नाही.

तात्या रेल्वेतून निवृत्त झाले. पॉइंट्समन होते, गावात सगळे पैटमनच म्हणत. दौंड-मनमाड मार्गावरचं आमचं स्टेशन 2009 साली शिर्डीचा फाटा सुरू झाला तेव्हा जंक्शन झालं, आणि त्या पाटीचा अभिमान तात्यांना स्वतःच्या सातबाऱ्यापेक्षा जास्त. हिवाळ्यातल्या धुक्याच्या रात्री डोळ्यांचा उपयोग नसतो, कानाचा असतो. येणारी मालगाडी भरलेली की रिकामी, हे तात्या ती दिसायच्या आधी सांगत. डब्याचं चाक चपटं झालेलं असलं तर तेही. इतका तयार कान असून या माणसाने उभ्या आयुष्यात गाणं ऐकलं नव्हतं. रेडिओ मात्र दिवसभर चालू असायचा.

हा फरक त्यांना सुनेने दाखवला.

सूनबाई शाळेत शिकवतात आणि गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देऊन मध्यमा पूर्ण झालेल्या आहेत. नव्या नव्या असताना त्या स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होत्या. तात्यांनी बाहेरून विचारलं, "सूनबाई, कुठलं गाणं गं हे?"

"गाणं नाही तात्या, बागेश्री आहे."

"कोण?" म्हणून तात्या दाराकडे बघायला लागले. घरात पाहुणी आली आणि आपल्याला पत्ता नाही, असं त्यांना वाटलं.

त्या दिवशी जेवताना विषय निघाला. तात्या म्हणाले, मी तर रोज गाणी ऐकतो, पण मला कधी बागेश्री भेटली नाही. सूनबाई हळूच म्हणाल्या, "तात्या, तुम्ही गाणी लावता. ऐकत नाही." काकूंनी ताबडतोब पाठिंबा दिला. "माझंही तसंच आहे," त्या म्हणाल्या. तात्यांच्या मनाला मात्र ते लागलं. ज्याने चाकाच्या आवाजावरून वॅगन ओळखली, त्याला ऐकता येत नाही?

तेव्हापासून घरात नवी राजवट आली. विविध भारतीवर सकाळी साडेसातला 'संगीत सरिता' लागते. एखाद्या रागाची ओळख, त्याचं चलन, त्यातलं एखादं सिनेमातलं गाणं, मग त्याच रागातलं शास्त्रीय गायन किंवा वादन, असा पंधरा मिनिटांचा मामला. गाणं न शिकलेल्या कित्येक पिढ्यांना या कार्यक्रमाने कान दिले. त्या पंधरा मिनिटांत तात्यांच्या घरी मिक्सर बंद, नळ बंद, नातवाचं रडणं अंगणात. तात्या डोळे मिटून पाटावर बसत. काकू म्हणायच्या, "ऐकताहेत की झोपलेत ते घोरल्यावर कळेल." दोन-चारदा कळलंही.

सुरुवातीचा काळ दाद देण्याचा होता. ऐकणारा म्हणजे मान डोलावणारा, अशी तात्यांची समजूत. कोपरगावला दिवाळी पहाटेच्या एका कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडदा उघडला, तबलजीने हातोडी घेऊन ठोकठोक केली, तंबोरे छेडले गेले, आणि तात्यांनी सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी "क्या बात है!" दिली. तबलजीची हातोडी हवेत राहिली. गावात ही गोष्ट अजून सांगितली जाते. पण त्यात तात्यांचा एवढा कमीपणा मला वाटत नाही. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बांगलादेशसाठीच्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमात, हजारो लोकांनी नुसत्या सतार-सरोदच्या जुळवणीला टाळ्यांचा कडकडाट केला होता. नुसतं जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल, अशी आशा रविशंकरांना हसत हसत व्यक्त करावी लागली. तेव्हा न्यूयॉर्कने केलं ते कोपरगावला झालं, एवढंच.

पुढे तात्या मोजायला लागले. उजव्या हाताची चार बोटं. प्रत्येकाची तीन पेरं आणि वर टोक. चार चोक सोळा. करंगळीच्या मुळाशी सम, मधल्या बोटाच्या मुळाशी नववी मात्रा, म्हणजे खाली. अंगठा पेरांवरून सरकत जायचा आणि ओठ हलायचे. बँकेत रांगेत उभे असतानाही अंगठा चालू. कॅशियरला वाटलं तात्या नोटा मोजण्याची वाट बघताहेत, त्याने घाईघाईने पैसे दिले. तीनतालाशी जमलं, झपतालाच्या दहा मात्रांशीही जमलं. विलंबित एकतालाने मात्र त्यांचा घाम काढला. बारा मात्रा असतात असं पुस्तकात लिहिलंय, पण त्यांतली एकेक मात्रा एवढी लांब की एक आवर्तन संपायला कधी कधी मिनिट लागतं. "बारा म्हणे! मधल्या मधे दोन मालगाड्या सोडीन मी," असं तात्या चिडून म्हणाले. रूपकात समेवरच खाली असते, हे कळल्यावर तर ते सूनबाईंकडे संशयाने बघायला लागले. सुरुवातच खालीने करायची, ही त्यांच्या मते सरळ माणसाची रीत नव्हती.

याच काळात एका वरातीपुढे ते पंधरा मिनिटं मान वाकडी करून उभे होते. पोरांना वाटलं, म्हातारा तक्रार करणार. डीजेवाल्याने आवाज उतरवला. तात्या खवळले. "कमी कशाला केला रे? केरवा मोजत होतो, आठावर आलो होतो!"

मग आला नावांचा काळ, आणि हा सगळ्यांना जड गेला. तात्यांनी रेल्वेच्या रजिस्टरप्रमाणे रकाने आखून वही केली: वेळ, गायक, राग, शेरा. ती मी पाहिलेली आहे. बहुतेक नोंदी यमनच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच पुढे कंसात 'संशयित' असं लिहिलेलं आहे. एके ठिकाणी 'यमन, पण रडका' अशी नोंद. शेऱ्यात 'तबलजी घाईत', 'गायकास खोकला, राग निर्दोष' आणि एकदा नुसतंच 'लाइट गेली'. पाहुणा आला की तात्या त्याच्या मोबाइलची रिंग ऐकून राग सांगत. एका मेहुण्याने शेवटी फोन थरथरण्यावर टाकला. सूनबाईंनी वाढदिवसाला त्यांना वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' आणून दिलं. लेखक पेशाने हिशेबनीस होते हे कळल्यावर तात्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे नोकरीधंद्यातल्या माणसालाही यातलं लिहिण्याइतकं कळू शकतं. पुस्तक त्यांनी वेळापत्रक वाचतात तसं, बोट ठेवून, वाचलं. मग कोणताही गायक लागला की आधी घराणं विचारायचं आणि ते कळल्यावरच आवडून घ्यायचं, असं सुरू झालं.

सूनबाईंनी एक दिवस ती वही काढून घेतली. रागाने नाही; म्हणाल्या, "तात्या, आता महिनाभर एकच ऐकायचं. किशोरीताईंचा भूप. नाव तुम्हाला आधीच सांगितलं, तेव्हा ओळखायचं काही उरलं नाही. पहिला आठवडा फक्त तंबोरा ऐका. दुसरा फक्त तबला. तिसऱ्यात पेटी, ती गाण्याच्या मागून कशी येते ते बघा. गाणाऱ्या बाई चौथ्या आठवड्यात."

"आणि मधे त्या गातील त्याचं काय करू?"

"गाऊ दे. तुम्ही लक्ष देऊ नका."

किशोरी आमोणकरांकडे लक्ष द्यायचं नाही! मैफलीत श्रोत्यांची कुजबुजही ज्यांना खपत नसे, त्या बाईंकडे पुणतांब्यातला एक पैटमन आठवडाभर ठरवून दुर्लक्ष करत होता. पण खरं शिक्षण झालं ते याच आठवड्यात. तंबोऱ्याला चार तारा. साधारणपणे एक पंचमाची, दोन जोडाच्या, एक खर्जाची. पंचम आणि षड्ज, दोनच सूर. तात्या तेवढेच दोन धरून बसले होते. पाचव्या की सहाव्या दिवशी पहाटे ते ओसरीवरून ओरडले, "अहो, इकडे या! गंधार आलाय!"

काकू आतून म्हणाल्या, "आत घ्या मग. चहा टाकते."

तो गंधार कुणी लावलेला नसतो. तार सबंध थरथरते तेव्हा तिचे अर्धे, तिसरे, चौथे, पाचवे भागही आपापले थरथरत असतात, आणि पाचव्या भागाचा जो सूर, तो गंधार. खर्जाची तार चांगली लागली, घोडीवरची जवारी नीट बसली, की तो आपोआप वर येतो. जुने लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. शेकडो वेळा तो तात्यांच्या कानावरून गेलेला असणार. त्या पहाटे तो पहिल्यांदा ऐकू आला, आणि एकदा ऐकू आल्यावर मग जाईना. तात्या दिवसभर सैरभैर होते. स्टेशनवर गेले आणि उगाच परत आले. जी तार नाही तिचा आवाज येतो, हे कुणाला सांगायचं? पारावर सांगितलं तर लोक नगरला डॉक्टरकडे नेतील.

शेवटी त्यांनी याची सोय गावच्या परंपरेत लावली. चांगदेव महाराजांची समाधी आमच्या गावात, गंगेच्या काठी. इथे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं, मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून कोराच कागद धाडला, आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही कथा गावातल्या पोरालाही पाठ. तात्यांचं म्हणणं असं: "कोरा कागद पाठवायची अक्कल पाहिजे. आधीच यमन लिहून पाठवला तर समोरचा कुठं लिहील?" हे वाक्य त्यांना स्वतःला इतकं आवडलं, की ते कीर्तनकार महाराजांनाही त्यांनी दोनदा ऐकवलं. महाराजांनी ते पुढे कीर्तनात वापरलं, तात्यांचं नाव न घेता.

महिना संपला तेव्हा भूप त्यांच्या अंगवळणी पडला होता. मग सूनबाईंनी देसकार लावला. सूर तेच पाच: सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. तात्या ऐकत राहिले, अस्वस्थ झाले, आणि म्हणाले, "माल तोच आहे, पण गाडी आपली नाही." सूनबाईंनी वाटी खाली ठेवली. शिकलेल्या मुलांनाही हा फरक सांगायला वेळ लागतो. भूपात गंधाराचं राज्य, रात्रीच्या पहिल्या प्रहरातला सावकाश राग. देसकारात धैवत मोठा, सगळा ओढा वरच्या अंगाकडे, आणि वेळ सकाळची. तात्यांनी हे आपल्या भाषेत बसवलं. दौंडकडून येताना पुणतांब्यापर्यंत रूळ एकच. पॉइंट कुठला लावलाय त्यावर एक गाडी मनमाडला जाते, दुसरी शिर्डीला. भूपाचा पॉइंट गंधारावर, देसकाराचा धैवतावर. मला रागातलं काही कळत नाही, पण हे मला कळलं, आणि पाठ्यपुस्तकातली वादी-संवादीची व्याख्या कधीही कळली नव्हती.

एवढी तयारी झाल्यावर पुण्याला सवाई गंधर्वला जाणं आलंच. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा महोत्सव पूर्वी रात्र रात्र चालायचा. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमाने लवकर आटोपतो, त्यामुळे मध्यरात्रीच्या रागांची पंचाईत झालेली आहे. हा नियम मालकंसाला लागतो. डीजेला का लागत नाही, हे आमच्याकडे विचारू नये. तात्या भारतीय बैठकीत गुडघे सावरत बसले. शेजारी पुण्यातले एक गृहस्थ होते. बटाटेवडा चांगला कुठल्या स्टॉलवर मिळतो, याची चर्चा ते विलंबितावर करत होते. तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते वरमले आणि वरमल्यामुळे चिडले.

"आपण गाता का?"

"नाही."

"मग वाजवत असाल."

"नाही."

"मग?"

"ऐकतो."

पुण्याच्या माणसाकडे याला उत्तर नव्हतं, आणि ही घटना दुर्मीळ म्हणून मी मुद्दाम नोंदवतो. तासाभराने द्रुत संपली, मंडपात टाळ्या पडल्या, तेव्हा तेच गृहस्थ हळूच तात्यांच्या कानाशी लागले. "ती शेवटची तिहाई… बरोबर आली होती का हो?" तात्या म्हणाले, "राइट टाइम."

गावात मात्र त्यांची कदर झाली नाही. उलट भजनी मंडळाशी बिनसलं. एकादशीला समाधीपाशी भजन असतं. पेटी, वीणा, पंधरा-वीस टाळकरी आणि पखवाज. भजनी ठेका आठ मात्रांचा. अभंग सावकाश सुरू होतो, मग लय चढत जाते, शेवटी टाळ असे पेटतात की बसलेले उभे राहतात. तात्या आधी या टाळांत एक होते. कान आल्यावर त्यांना दिसायला लागलं, म्हणजे ऐकू यायला लागलं, की लय चढवताना दरवेळी त्याच जागी काहीतरी सांडतं. चार एकादश्या त्यांनी सोसलं. पाचव्या वेळी अभंग संपता संपता म्हणाले, "बुवा, अर्धी मात्रा खाल्ली."

पखवाजवाले वीस वर्षं वाजवताहेत. त्यांनी पखवाजाची कणीक काढता काढता विचारलं, "तात्या, वाजवता येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग टाळ घ्या आन् गुमान वाजवा."

"मी गाडी कधी चालवली नाही," तात्या म्हणाले, "पण उशिरा आली की मला कळायचं."

पुढचे काही महिने तात्या समाधीच्या बाहेर, घाटाच्या पायऱ्यांवर बसून भजन ऐकत. मंडळातल्या काहींनी त्याला बहिष्कार म्हटलं, काहींनी शांतता. मला विचाराल तर चूक दोघांची होती. कान आला की माणूस काही दिवस असह्य होतो, नवा चष्मा लागलेल्याला जसं सगळ्यांच्या चेहऱ्यावरचे डाग दिसतात, असं मी म्हणणार होतो, पण तात्यांनी वाचलं तर "ऐकण्याबद्दल लिहिताना डोळ्यांचं कशाला?" असं म्हणतील. ते राहू दे.

मग एका दुपारी पखवाजवाले तात्यांच्या ओसरीवर येऊन बसले. पावसापाण्याचं झालं, उसाच्या तोडणीचं झालं, चहा झाला. उठता उठता त्यांनी खिशातून मोबाइल काढला. आदल्या रात्रीचं भजन पोराने टिपून घेतलं होतं. "तुमचं ते अर्ध्या मात्रेचं काय होतं," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कुठं जाते ती?" दोघं डोकी जवळ घेऊन ऐकत बसले. तात्यांचा अंगठा पेरांवरून चालला होता. एका ठिकाणी तो थांबला. पखवाजवाल्यांनी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्यांदा लावल्यावर ते म्हणाले, "आयला." त्यापुढे संध्याकाळपर्यंत त्या ओसरीवर जो पखवाज वाजला, त्यात एकच तुकडा होता, आणि शेजारच्या चार घरांना तो आता पाठ आहे.

आता भजनात तात्यांची जागा पखवाजाच्या बरोबर समोर असते. टाळ त्यांनी सोडला. ते नुसते बसतात. मंडळात नव्या आलेल्या एका पोराने विचारलं, "हे काका काहीच करत नाहीत, मग पुढं कशाला बसवता?" पखवाजवाल्यांनी त्याला सांगितलं, "ते समोर असले की चोरी करता येत नाही."

भजनानंतर आरती होते. तात्यांना अजूनही एक ओळ सुरात म्हणता येत नाही, आणि आरतीला त्यांच्या शेजारी उभं राहायला मंडळातलं कुणीही तयार होत नाही.